पाठ केलेली पानं

महागाव
७ सप्टेंबर २०२५

चि. राजदीप,

सप्रेम जयभीम.

पाकीट फोडून रुपालीने "तुमच्या ताईचं पत्र आहे" असं म्हटलं असेल आणि तू उठून उभा राहिला असशील. बस खाली. शेताबद्दल काही नाही, कुठे सही नको आहे, कोणी आजारी नाही. बावीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला विचारता येत नाही.

रुपाली, तुला मी एकदाच पाहिलं, बाबा गेले तेव्हा, अंगणाच्या त्या टोकाला. तुझं बारावीपर्यंत शिक्षण झालंय हे मामांकडून कळलं, पत्ताही त्यांनीच दिला. त्याला हळू वाचून दाखव. आवाज चढवलेला त्याला चालत नसे.

मी इथे तांड्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, हे पाचवं वर्ष. माझ्याकडे तिसरी. एकोणीस मुलं आणि एकोणीस तऱ्हा. अक्षय पुस्तक नाकाला लावून वाचायचा, त्याला पुढच्या बाकावर बसवलं, चष्मा मिळवून दिला, आता तो दुकानांच्या पाट्या वाचत घरी जातो आणि घरी पोचायला तासभर लावतो. तांड्यातली तेरा मुलं घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतात. भाकरीचं चित्र दाखवलं की "बाटी" म्हणतात, आणि माझ्या आधीचे गुरुजी ते चूक म्हणून खोडायचे. मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहायला लागले. दोन महिन्यांत मुलं वाचायला लागली. मला वाटलं, मी फार हुशार मास्तरीण आहे.

मग निकिता. धरमसिंग राठोडची मुलगी, आठ वर्षांची. तिच्या वाचनाची तर मी उदाहरणं द्यायचे. न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून, सुरात. गेल्या महिन्यात तिच्याकडून चुकून दोन पानं एकदम उलटली गेली. समोर पान होतं विहिरीच्या धड्याचं, आणि ती घडाघडा वाचत होती त्याच्या आधीचं, पोळ्याचं. बोट ओळीवरून फिरत होतं, थेट खालपर्यंत.

पोरं हसायच्या आत मी पुस्तक मिटवलं आणि सगळ्यांना पाणी प्यायला सोडलं. आणि मला तू आठवलास. दुसरं कोण आठवणार?

रुपालीला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्या गावी, बाभुळगावकडे, पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात दर रविवारी ग्रंथवाचन व्हायचं. बाराव्या वर्षापासून ते राजदीप करायचा. त्याला अक्षरं लागत नव्हती हे फक्त मला माहीत होतं. मी आठवडाभर पान वाचून दाखवायचे, तो पाठ करायचा, आणि रविवारी ग्रंथ समोर धरून म्हणायचा. दोन वर्षं कोणाला कळलं नाही. मग एका रविवारी वाऱ्याने पानं उलटली, भलतंच पान समोर आलं, आणि चारचौघांत उघडं पडलं. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. वणीला मामांकडे गेला तो गेलाच. यात कोणाचा दोष नव्हता. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं.

राजदीप, माझा प्रश्न एवढाच: अक्षरं तुला कशी दिसतात? हलतात का? एकमेकांत शिरतात का? मी सतरा वर्षं शिकवते आहे आणि मला हे माहीत नाही. या विषयावरचं प्रशिक्षण झालं होतं, टिपणं काढलेली आहेत, कपाटात आहेत. त्यात तू नाहीस.

१३ ऑक्टोबरला तालुक्याहून वाचनाची तपासणी आहे. दिवाळीनंतर तांड्यातल्या ऊसतोडीच्या गाड्या निघतात. धरमसिंग म्हणतो, पोरगी शिकत असेल तर आजीजवळ ठेवीन, नाहीतर सोबत नेईन, धाकट्याला सांभाळेल. आणि सोबत गेलेलं मूल परत शाळेत किती टिकतं हे मी पाहिलेलं आहे. छत्तीस दिवस उरले.

उत्तर पाठव.

तुझी ताई,
निशिगंधा


१९ सप्टेंबर

सौ. रुपाली हिस जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. "ताई, पयल्या पानावरच उठून गॅरेजमधी गेले. मी पुरं वाचलं. मले आवडलं." तीन ओळी, पण आल्या तरी. म्हणजे हे पत्र तुलाच. तो ऐकेल तेव्हा ऐकेल. गॅरेजच्या दारात उभी राहून वाचलंस तरी चालेल, इंजिन बंद असताना.

मी हातावर हात ठेवून बसलेले नाही. जाड पुठ्ठ्याला खिडकी कापली, एका वेळी एकच शब्द दिसेल अशी. ताटात रेती पसरून अक्षरं गिरवून घेतली. एक दिवस निकिताला म्हटलं, तू गोष्ट सांग, मी लिहिते. तिने आजीच्या हरवलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली, निम्मी गोरबोलीत, निम्मी मराठीत, इतकी रंगवून की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली. मी शब्द न बदलता लिहून काढली. तिचीच गोष्ट, तिचेच शब्द. दुसऱ्या दिवशी त्यातला "म्हैस" दाखव म्हटलं तर तिने तीन वेगळ्या शब्दांवर बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. भाषेची अडचण असती तर आता सुटली असती. ही दुसरीच अडचण आहे. मूर्ख तर ती अजिबात नाही.

तालुक्याला विशेष शिक्षक आहेत, एकटेच. फोन केला. म्हणाले, नाव पाठवा, पण तुमच्या नोंदीत ती मुलगी गोष्ट वाचते असं आहे, मग कशाला पाठवता? नोंद माझीच. "गोष्ट" म्हणजे आमच्याकडे सगळ्यात वरची पायरी. पहिली-दुसरीलाही वर्ग माझाच होता, दोन्ही वर्षं मीच तिच्यापुढे तो शब्द लिहिला, झोकात.

आमचे मुख्याध्यापक नानाजी सर मार्चमध्ये निवृत्त होतात. माणूस वाईट नाही. पण त्यांनी भिंतीवर "शंभर टक्के वाचन करणारी शाळा" रंगवून घेतलंय, तपासणीच्या आधीच. मी निकिताचं सांगितलं तर त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, एक तं पाठ करून घ्या, नाही तं त्या दिवशी पोरीले घरी ठिवा. तिसरं मले सांगू नोका."

सोमवारी धरमसिंग आला. उंच माणूस, दारातून वाकून आत येतो. त्याने निकिताला पुस्तक दिलं आणि म्हणाला, वाच. तिने पोळ्याचा धडा म्हटला, अस्खलित. पुस्तक योग्य पानावर उघडलेलं होतं, कारण मी उघडून दिलं. धरमसिंगच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी आधी एकदा पाहिलेलं आहे, आमच्या बाबांच्या चेहऱ्यावर. मी काही बोलले नाही. तो माझ्या पाया पडला, रुपाली. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस.

आणि बुधवारपासून मी तिला तपासणीचे उतारे पाठ करून द्यायला लागले. चार आहेत. दर वर्षी त्यातलाच एक येतो, सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत, पोषण आहाराच्या खोलीमागे. तिला एक उतारा दीडदा वाचला की पुरतो.

चूक आहे हे मला कळतं. राजदीपला सांग, मला शिकवू नकोस. चोवीस दिवसांत मी तिला वाचायला शिकवू शकत नाही, पण तिला गाडीत चढण्यापासून थांबवू शकते. एकदा ती राहिली की पुढचं वर्ष आपल्या हातात आहे.

निशिगंधा


१ ऑक्टोबर

राजदीप,

म्हणजे दुसरं पत्र तू ऐकलंस. रुपालीने लिहिलंय, "पुरं आयकलं. हातातला पाना खाली ठिवला नाही, पन आयकलं. मंग एवढंच म्हनले, त्या पोरीले इचारलं का?"

बावीस वर्षांनी चार शब्द, आणि तेही टोमण्याचे! मला इतका राग आला की मी कार्ड फाडणार होते. मी विचारलं तुला अक्षरं कशी दिसतात, आणि तू मलाच प्रश्न घालतोस. आठ वर्षांच्या मुलीला काय विचारायचं? मी तिच्यासाठी रक्त आटवते आहे, रात्रंदिवस तिचाच विचार, आणि हा तिथे बसून...

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं.

पोषण आहाराच्या खोलीमागेच. तिसरा उतारा झाला होता, शेळीचा. मी म्हटलं, "निकिता, हे पाठ करणं तुला कसं वाटतं?"

"चांगलं वाटते." ती माझ्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देते, नेहमीच.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"तुमी रागावत नाही, बाई. तुमचं तोंड उतरते."

मग ती पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. म्हणाली, "बाई, मी पुस्तकात पायतच नाही. तुमचे ओठ पायतो. तुमी गुमान म्हनत असता ना मनातल्या मनात, तवा ओठ हालतात. आमची याडी बी म्हनते, तुही नजर पुस्तकावर नसते." याडी म्हणजे आई. म्हणजे तिच्या आईला माहीत आहे. आईला माहीत आहे, आजीला माहीत असणार, आणि धरमसिंगला कोणी सांगत नाही. आमच्या घरासारखंच.

"अक्षरं कशी दिसतात तुला?"

"दिसतात चांगली. पन वळखू येत नाहीत. काल भेटलेली बी वळखू येत नाहीत. जशी बजारातली मानसं." आणि मग, खाली पाहत, "मले भेव वाटते बाई. रोज वाटते. पाठ झालं तरी वाटते. सायबानं भलतंच पान देल्लं तं?"

राजदीप, तू बारा वर्षांचा असताना शनिवारी रात्री तुझं पोट दुखायचं. आई ओवा द्यायची. मला वाटायचं, तू नाटक करतोस.

मी म्हटलं, "मग काय करूया? मी सांगू का तपासायला येणाऱ्या मॅडमना?"

ती एकदम उभी राहिली. "तुमी नोका सांगू! तुमी सांगसान तं बाबाले वाटन का बाईनं मायी चुगली केली. मी सांगन."

"तुझे बाबा तिथे असतील. नानाजी सरांनी सगळ्या पालकांना बोलावलंय."

ते तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "मंग सांगता नाही येनार." आणि हात धुवायला निघून गेली. आता ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे येत नाही. चौथा उतारा राहिला आहे, आणि तो घ्यावा की नाही हे मला कळत नाही. झालं तुझं समाधान?

ताई


१२ ऑक्टोबर, रविवार

राजदीप,

उद्या तपासणी. हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

काल नानाजी सरांना फोन आला. या वेळी ते चार उतारे नाहीत. नवा कागद पाकिटातून येणार, मॅडम तिथेच फोडणार. म्हणजे निकिता उभी राहील, कागद हातात घेईल, आणि धरमसिंग दारात उभा असेल. सर म्हणाले, आता एकच उपाय, पोरीला ताप आला असं लिहून द्या. मी संध्याकाळी तांड्यावर गेले. निकिताला बाहेर बोलावून सगळं सांगितलं, नवा कागद येणार हेही. म्हटलं, तू घरी राहा, कोणी काही बोलणार नाही. तिने विचारलं, "मंग बाबा काय समजन?" मी म्हटलं, काहीच समजणार नाही. ती म्हणाली, "म्हंजे पयल्यासारखंच." आणि मग, "मी येतो उद्या." येऊन काय करणार ते सांगितलं नाही. फक्त म्हणाली, तुम्ही मधात बोलू नका. मी वचन दिलं.

उद्या काय दिसू शकतं हे या शाळेत माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. कारण मी ते एकदा घडवून आणलंय.

रुपाली, इथून पुढे थांबू नकोस. त्याच्याकडे पाहू नकोस, गाळू नकोस, मऊ करू नकोस. जसं लिहिलंय तसं वाच.

त्या रविवारी वारा नव्हता. ग्रंथातली निळी फीत मी हलवली. शनिवारी संध्याकाळी विहार झाडायला गेले होते तेव्हा, अकरा पानं पुढे. तू फितीवरून पान उघडायचास हे मलाच ठाऊक होतं, कारण ती युक्ती मीच तुला शिकवली होती.

त्या वर्षी मी बारावीला पहिल्या वर्गात पास झाले होते. बाबांनी पेढे वाटले, नाही असं नाही. पण विहारात लोक तुझ्या पाठीवरून हात फिरवायचे. उकंडा काका म्हणायचे, "काय वाचते पोट्टं! समाजाचं नाव काढन." बाबांचे डोळे भरून यायचे. त्यातला शब्दन् शब्द माझ्या घशातून आलेला होता, राजदीप. मला कोणी कधी वाच म्हणालं नाही. मागे बायकांत बसून मी तुझ्याबरोबर ओठ हलवत असायचे. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा तू अडखळावंस आणि मी उठून पुढचं वाचावं. सगळ्यांनी मागे वळून पाहावं, ही कोण वाचते म्हणून.

मी एवढंच ठरवलं होतं. खरंच एवढंच.

तू फितीचं पान उघडलंस आणि पाठ केलेलं सुरू केलंस. उकंडा काका शेजारी होते, त्यांनी पानावर बोट ठेवून म्हटलं, "हे इथं कुठं हाय?" तू थांबलास. बाबा म्हणाले, "वाच." तू पान पाहिलंस, मग मला शोधलंस. मागे बायकांत, नेमकं माझ्याकडे. आणि मी मान खाली घातली. उठून वाचायचं होतं ना मला? कोणीतरी हसलं. बाबांनी ग्रंथ मिटला, तुझा हात धरला आणि घरी नेलं. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. चार महिने ते तुझ्याशी बोलले नाहीत आणि मग तू वणीच्या गाडीत बसलास.

मी हे कोणाला सांगितलेलं नाही. बाबांना शेवटच्या दिवसांतही नाही, ते विचारत होते, "राजू आला का?" तेव्हाही नाही. मला तुझी माफी नको आहे, ती मागायला माझी जीभ रेटत नाही. मला उद्याची भीती वाटते आहे आणि ती खरी का वाटते हे सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

निशिगंधा


१४ ऑक्टोबर

राजदीप,

काल काय झालं ते लिहिते. परवाचं पत्र ऐकून तू कायमचा उठून गेला असलास तर रुपाली एकटी वाचेल.

मॅडम साडेदहाला आल्या. पालक व्हरांड्यात, मुलं ओळीने खाली. पाकीट फोडलं. उतारा नवाच, पाटाला पाणी न आल्याने परतणाऱ्या शेळ्यांचा. अक्षयने वाचला, चष्मा सावरत. तांड्यातल्या पोरांनी वाचला, कोणी झरझर, कोणी बोट ठेवून, पण वाचला. नानाजी सर प्रत्येक मुलामागे मान हलवत होते. बारावा नंबर निकिताचा.

ती उठली. कागद घेतला. धरमसिंग दारात वाकून आत पाहत होता. मी माझ्या तोंडावर हात ठेवला. माझे ओठ तिला दिसू नयेत म्हणून, आणि मी बोलू नये म्हणूनही.

मॅडम म्हणाल्या, "वाच, बाळा." सर म्हणाले, "वाचते ती, छान वाचते. लाजून राह्यली." मी तीनदा उठायला गेले आणि तीनदा बसले.

मग तिने कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला, नीट, उलटा न करता, आणि म्हणाली, "मॅडम, मले वाचता येत नाही."

"असं कसं? इथे तर लिहिलंय, तू गोष्ट वाचतेस."

"थे पाठ होतं. बाईनं पाठ करून देल्लं. मले एकडाव आयकलं का पाठ होते. पयलीपासून असंच हाय." मग तिने मागे पाहिलं, दाराकडे, आणि त्याच आवाजात म्हणाली, "बाबा, पोळ्याचा बी पाठच होता."

माझं नाव ती घेईल असं मला वाटलं नव्हतं. ते ठरलं नव्हतं. पण का घेऊ नये? नानाजी सर म्हणाले, "लेकरं काहीही बोलतात." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हटलं, "खरं आहे. दोन वर्षांच्या नोंदी माझ्या आहेत आणि खोट्या आहेत." माझा आवाज मलाच परका वाटला.

मग मॅडमनी तोच उतारा स्वतः मोठ्याने वाचला आणि तिला प्रश्न विचारले. तिने पाचही सांगितले. वर म्हणाली, शेळ्या परत आल्या तर धनगर कुठे गेला ते त्यात लिहिलेलंच नाही. मॅडमनी कागद उचलून पाहिला. खरंच नव्हतं. त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या: विशेष शिक्षकांनी निकिताची तपासणी करावी, आणि मला कारणे दाखवा नोटीस. दोन्ही बरोबर आहेत. भिंत तशीच आहे.

व्हरांड्यात धरमसिंग माझ्यासमोर उभा राहिला. ओरडला नाही. "बाई, मी तुमच्या पाया पडलो होतो. तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून पडू देल्लं?"

मी खाली पाहिलं. तो म्हणाला, "शिकन का ते वाचाले?"

मी खोटं बोलायचं नाही ठरवलं होतं. म्हटलं, "शिकेल. कधी ते सांगता येत नाही. वर्ष लागेल, तीन लागतील. आणि अशा मुलांना कसं शिकवायचं ते मला अजून नीट येत नाही. मी शिकते आहे."

"येत नाही म्हनता आन् ठिवा बी म्हनता." त्याने मान हलवली. "सव्वीसले गाडी हाय आमची." निकिताचा हात धरून तो तांड्याकडे गेला. तिने हात सोडवून घेतला नाही आणि मागेही पाहिलं नाही.

तिने करून दाखवलं आणि हातात काय आलं? ऊस. हे मला तुझ्यावर ओरडून सांगावंसं वाटतं, तूच म्हणालास ना पोरीला विचार म्हणून. विचारलं. दिवसभर मी घरातल्या घरात तुझ्याशी भांडते आहे.

ताई


२९ ऑक्टोबर

राजदीप,

सव्वीसला रविवार होता. मी तांड्यावर गेले नाही. गाडी शाळेसमोरूनच जाते, तिचा आवाज मी घरात बसून ऐकला, वर बसलेल्या पोरांचा गलकाही, आणि उठून खिडकी लावून घेतली. बायामाणसांची रडारड ऐकायची ताकद नव्हती. अशी मी आहे.

परवा सकाळी गेले. निकिताची वह्या-पुस्तकं बिजलीबाईकडे, तिच्या आजीकडे, देऊन यावीत म्हणून. शाळा उघडल्यावर ती रिकाम्या बाकावर बघवली नसती.

दारात निकिता भांडी घासत होती.

ती म्हणाली, "या ना बाई," आणि राखेचे हात घेऊन तशीच उभी राहिली. आत बिजलीबाई खाटेवर होती. हसायला लागली. म्हणाली, "तुमाले नाही सांगतलं का त्यानं? तुमचाच भाऊ ना थो?"

शनिवारी दुपारी तू आलास. वणीजवळच्या राजूरहून गाडीवर, चार-पाच तासांचा रस्ता. हाताला ऑइल तसंच होतं म्हणे. धरमसिंगचं घर विचारत आलास, तो गाठोडी बांधत होता, त्याच्याशेजारी जमिनीवर बसलास. आधी निकिताशी बोललास. बिजलीबाई म्हणते, अर्धा घंटा तुम्ही दोघं बोलत होता, अक्षरांच्याच काहीतरी गोष्टी, आणि हसत होता. बजारातली माणसं, असं काहीतरी चाललं होतं. ती सांगायची, तू मांडीवर थाप मारायचास. बावीस वर्षांपूर्वी तू कोणाबरोबर असं बोलला असतास तर? पण कोण होतं तेव्हा?

मग धरमसिंगला काय म्हणालास ते बिजलीबाईने मला सांगितलं. मी ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा ती चिडली. "तो म्हने, मी बी असाच हाओ. मले वाचता येत नाही, मोठमोठ्या गाड्या खोलतो अन् बशिवतो. पन आजबी बायकोच्या तोंडाकडं पाहून कागदावर सही करतो, थे तुया पोरीवर नोको येऊ देऊ. पोरगी खरं बोलली, थे मायाच्यानं झालं नाही. तिले ठिव इथं. मायी बहीन मास्तरीन हाय. तिले शिकवता येत नोतं. आता शिकून राह्यली."

धरमसिंगने धाकट्याला सोबत घेतलं आणि हिला ठेवली. जाताना म्हणाला, पुढच्या दिवाळीपर्यंत पाहतो.

तू चहा प्यायलास आणि निघालास. शाळा रस्त्यावर आहे, माझं घर शाळेमागे. दोन्हीवरून गेलास. त्या वेळी मी अंगणात कपडे वाळत घालत असणार. माझं बारा तारखेचं पत्र तू ऐकलं होतंस, रुपालीने काल फोनवर सांगितलं. सगळं, न गाळता. म्हणाली, ऐकून दोन दिवस जेवला नाहीस, मग शुक्रवारी गाडीचं तेल बदललंस. थांबला नाहीस ते बरोबर केलंस. थांबला असतास तर मी रडून सगळं माझ्याच अंगाने वळवून घेतलं असतं, आणि तू तर तिच्यासाठी आला होतास.

विशेष शिक्षक पाच तारखेला येतो म्हणालेत. कपाटातली टिपणं काढली आहेत, वाचते आहे. नोटिशीला उत्तर दिलं, एका पानात, जे केलं तेच लिहिलं. निकिताला मी सांगितलंय की शाळा उघडल्यावर माझ्या तोंडाकडे पाहायचं नाही. ती म्हणाली, "मंग कुठं पाहू?"

सोमवारी शाळा उघडते. ती येणार आहे. मला फार भीती वाटते आहे, राजदीप, आणि ती तुलाच सांगता येते.

तुझी ताई